जावात नसलेले पूर्णांक

पडद्यावर प्रोग्रामिंगच्या सी भाषेतली एक साधी तुलना आहे: उणे एक हा एकपेक्षा लहान आहे का? शाळकरी मूलही ‘हो’ म्हणेल. पण यातला दुसरा एक ‘अनसाइन्ड’, म्हणजे ऋण किंमत घेऊच न शकणारा पूर्णांक असेल, तर सी भाषा ‘नाही’ असे उत्तर देते. दोन जातींचे पूर्णांक समोरासमोर आले की ती कोणालाही न विचारता उणे एकलाही अनसाइन्ड करून टाकते, आणि ३२ बिटांत (० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांत) त्याची किंमत ४,२९,४९,६७,२९५ होऊन बसते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जाहीर केलेल्या जावा भाषेतून तिचे जनक जेम्स गॉसलिंग यांनी हिशेबाचे अनसाइन्ड पूर्णांक वगळले, ते अशाच गोंधळापायी. अनसाइन्ड गणितात नेमके काय घडते, हे सी वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच उमगलेले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. (१६ बिटांचा ‘कॅर’ अनसाइन्डच राहिला, पण तो अक्षरांसाठी.)

हे वगळणे परवडले, कारण ऋण संख्या साठवण्याच्या ‘टूज कॉम्प्लिमेंट’ पद्धतीत बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्या उत्तरातले बिट दोन्ही जातींना सारखेच येतात. फरक पडतो तो भागाकारात, तुलनेत, बिट उजवीकडे सरकवताना, जास्त बिटांच्या प्रकारात नेताना आणि संख्या छापताना. त्यांपैकी सरकवण्यासाठी जावाने तीन कोनी कंसांचे वेगळे चिन्ह दिले आणि बाकीचे प्रोग्रामरच्या गळ्यात टाकले.

याचा जाच होतो तो बाइट, म्हणजे आठ बिटांचे गट, हाताळताना. चित्रातल्या एका ठिपक्याचा लाल रंग सहसा ० ते २५५ या आकड्यांत मोजला जातो, तर जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ एवढाच. फाइलमधून आलेला २०० त्यात उणे ५६ होऊन बसतो, आणि मूळ आकडा हवा असेल तेव्हा त्याचे २५५शी ‘अँड’ (दोन्हींत १ असेल तोच बिट १ ठेवणारी क्रिया) करावे लागते; ते एखाद्या ओळीत राहून गेले, तर प्रोग्रामचे भाषांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही. २०१४ साली जावा ८ने अनसाइन्ड भागाकार, तुलना आणि छपाई यांसाठी तयार मेथड दिल्या, नवा प्रकार मात्र दिलाच नाही.

गॉसलिंग यांची तक्रार रास्त होती, पण वगळायला हवे होते ते गुपचूप होणारे रूपांतर, असे आम्हाला वाटते. गूगलने २००९ साली खुल्या केलेल्या गो भाषेने नेमके तेच केले. तिच्यात अनसाइन्ड पूर्णांक आहेत, पण दोन वेगळ्या प्रकारांच्या चलांची तुलना लिहिली तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही; रूपांतर हवे असेल तर ते स्वतः लिहावे लागते. चलात उणे एक असेल तर त्याचे तेच चार अब्जांहून मोठे धूड तिथेही उभे राहते, फक्त ते कोणत्या ओळीत झाले हे वाचणाऱ्याला दिसते.