संगीत तर सगळं आहे ना?

मंडळी, या टेबलावर जो काळा खोका दिसतोय तो मोझेक रेकॉर्ड्सचा पहिलावहिला संच. जॅझचा पियानोवादक थेलोनियस मंक यानं ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी जे जे वाजवलं, ते सगळं चार एलपींवर. साल १९८३. प्रती काढल्या साडेसात हजार. नंतर जवळ येऊन बघा, फक्त बाहेरचे वडे खाऊन झाले असतील तर हात पुसून या.

हा मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून जुना घेतला. जाहिरातीत ‘कम्प्लीट’ म्हटलं होतं. पार्सल आलं, कस्टमचे पैसे भरले, खोका उघडला. चारही रेकॉर्डी चकचकीत, पण आतलं पुस्तक नाही. या संचांबरोबर एलपीच्याच आकाराचं एक पुस्तक येतं. मी त्या गृहस्थांना लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं आणि त्यातली दुसरी ओळ अशी : संगीत तर सगळं आहे ना?

पैसे परत मिळाले नाहीत, ते असो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं भुणभुणतोय. आज तुम्ही बोलावलंत, तर त्याचं उत्तर देऊन टाकतो.

आधी हे मोझेक काय प्रकरण आहे ते सांगतो. मायकल कस्कुना आणि चार्ली लुरी या दोघांनी ही कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत पडून असलेलं जुनं जॅझ ठरावीक प्रतींपुरतं भाड्यानं घ्यायचं, तारीखवार लावायचं, खोक्यात घालायचं आणि टपालानं विकायचं. प्रती संपल्या की संच संपला. कस्कुना त्याआधी कितीतरी वर्षं ब्लू नोटच्या टेपा उपसत बसला होता. कुठल्या तारखेला कोण होतं, एकच चीज पुन्हा पुन्हा वाजवून जे टेक भरतात त्यातला कुठला छापला, कुठला बाजूला ठेवला, याच्या नोंदी करत होता. त्या नोंदी म्हणजेच ते पुस्तक.

पुढे एका मित्रानं त्याच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली. त्यातलं एक पान मी आजही मधूनच काढून बघतो. १५ ऑक्टोबर १९४७. डब्ल्यूओआर स्टुडिओ, न्यूयॉर्क. ड्रम्स, आर्ट ब्लेकी. मंकला तिसावं वर्ष पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते आणि स्वतःच्या नावावर त्याचं हे पहिलंच रेकॉर्डिंग. मग २४ ऑक्टोबर. मग २१ नोव्हेंबर, त्या दिवशी ‘राउंड मिडनाइट’ ही त्याची चीज. म्हणजे पाच-साडेपाच आठवड्यांत तीनदा स्टुडिओत! रेकॉर्डी तेव्हा खपल्या नाहीत. ब्लू नोटचा मालक आल्फ्रेड लायन, त्याची बायको लॉरेन. ती बिचारी त्या रेकॉर्डी घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या दुकानांमधून हिंडायची. १९४८ साली तिनं व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबच्या मॅक्स गॉर्डनला गळ घालून मंकला तिथे वाजवायला लावलं. कार्यक्रमाला माणसं आली नाहीत. पण पुढच्याच वर्षी लॉरेननं लग्न केलं ते या गॉर्डनशी, आणि त्याच्या पश्चात २०१८पर्यंत तो क्लब चालवला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच जायचंय.

कोण वाजवतंय हे छापलेलं असणं, याची किंमत आपल्याला जरा जास्तच कळायला हवी. आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि बाकी सगळे मुके. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो ट्रम्पेट ऐकून आपण खुर्चीत ताठ होतो, तो बरेचदा चिक चॉकलेटचा. मूळचे गोव्याचे आंतोनियो शाविएर वाझ. ताजमध्ये जॅझ वाजवणारा माणूस. ‘अलबेला’त तर पडद्यावरही दिसतात. पण लेबलवर? तिथे तारीख, जागा, वादकांची नावं असं एक पान असतं, तर मी त्या पानासाठी दुसऱ्यांदा कस्टम भरलं असतं.

आता लोक म्हणतात, हे सगळं मोबाइलवर आहे की. आहे. मीही ऐकतो, रिक्षात बसून ऐकतो. पण मोबाइल तुम्हाला ड्रम्सवाल्याचं नाव क्वचितच सांगतो. बरं, मी काही रेकॉर्डींचा भक्तबिक्त नाही. पावसाळ्यात कव्हरांवर बुरशी धरते, खोके आडवे रचले की खालची रेकॉर्ड बाक धरते, आणि हे सामान घरातल्या माणसांच्या डोळ्यांत खुपतं ते वेगळंच.

संचांवर खरा आक्षेप दुसराच आहे, आणि तो मला बऱ्यापैकी मान्य आहे. एकच चीज तीन-तीन, चार-चार टेकांत, ओळीनं. पहिला टेक फसलेला, दुसरा बरा, तिसरा छापलेला, चौथा उगीचच. हे सलग ऐकणं म्हणजे पंगतीत श्रीखंडाच्या चार वाट्या पुढ्यात येणं. दुसऱ्या वाटीला जीभ बधिर होते. म्हणून माझा नियम असा की एका बैठकीला एकच तारीख. एक दिवस स्टुडिओत जे घडलं तेवढंच ऐकायचं आणि उठायचं. आठवडाभर दुसरं काही ऐकायचं. वीस-वीस सीडींचे संच आणून दोन रविवारांत संपवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काय ऐकलं ते विचारू नये.

आणि अतिरेक म्हणाल तर तोही दाखवतो. जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. १९४७च्या जानेवारीअखेर तो कॅमरिओच्या सरकारी मनोरुग्णालयातून बाहेर आला आणि मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबमध्ये वाजवू लागला. तिथे डीन बेनेडेटी नावाचा एक तरुण सॅक्सोफोनवाला तबकडी कोरायचं यंत्र घेऊन यायचा. तबकड्या महाग, प्रत्येकीवर मिनिटं मोजकी. म्हणून पार्करचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू झाला की सुई टेकवायची, संपला की उचलायची. ट्रम्पेट नको, पियानो नको, बाकीचे गेले उडत. पुढे १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं हाच उद्योग कागदी टेपवर केला. १९५७ साली तो इटलीत वारला. त्या तबकड्या आहेत की नाहीत यावर जॅझवाल्यांमध्ये तीस वर्षं नुसत्या दंतकथा. शेवटी त्या त्याच्या भावाकडे निघाल्या. मोझेकनं त्या घेतल्या, साफ केल्या आणि १९९० साली सात सीडींचा संच काढला.

तो ऐकायला बसलं की कसं वाटतं, सांगतो. लग्नाच्या अल्बममधून कुणी कात्रीनं फक्त नवरी कापून ठेवावी, तसं. खरखर, मग एकदम मधूनच उसळलेला सॅक्सोफोन, आणि तो टिपेला असतानाच खट्. पुढचा तुकडा. खट्. पुढचा. मी पहिल्यांदा दहा मिनिटांत बंद केला. कुणाला म्हणून घ्या असं सांगणार नाही. पण एक गंमत झाली. दोन-तीन महिन्यांनी परत लावला आणि एकाच चीजेवरचे वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे शोधून ऐकले. तेव्हा लक्षात आलं, हा माणूस काल जे वाजवलं त्याच्याशी आज भांडतोय. स्टुडिओतल्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डीत ते भांडण ऐकू येत नाही, तिथे निकाल तेवढा ऐकू येतो. बेनेडेटीला भांडणच हवं होतं. जरा वेडाच होता, पण त्याचा कान पक्का होता.

आता थोडं माझ्या पेटीबद्दल. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही एलपी मिळाली. तिच्यातली ‘सो व्हॉट’ ऐकून वाटलं, हे तर आपल्याला जमेल. डी हा स्वर सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे आपले काफी थाटाचे स्वर. मधे आठ मात्रा नव्हे, आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांचे आठ गट, अर्ध्या स्वरानं वर जायचं आणि परत खाली यायचं. पेटी घेऊन बसलो. जुळेना. रेकॉर्ड किंचित चढी, धड पुढच्या पट्टीवरही नाही. पेटी उतरली असं समजून दुरुस्तीला दिली. आली, तरी पहिली बाजू जुळेना. दुसरी बाजू मात्र अगदी चोख! घरच्यांनी माझ्या कानाविषयी जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

खरी गोष्ट अशी होती की त्या रेकॉर्डीची सत्रं दोन. २ मार्च १९५९ आणि २२ एप्रिल १९५९. मार्चच्या सत्रात टेपचं मुख्य मशीन जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही चीजा त्या सत्रातल्या. शेजारी सुरक्षेसाठी म्हणून दुसरं मशीन चालू होतं, ते बरोबर वेगानं चाललं होतं, आणि १९९२ साली त्या टेपवरून ही चूक दुरुस्त झाली. तेहेतीस वर्षं अख्ख्या जगानं ती बाजू चढी ऐकली. आता बोला, यातली ‘कम्प्लीट’ कुठली? दुरुस्त झालेली ऐकताना मला अजूनही मधूनच ती उतरल्यासारखी वाटते. कानाला सवय लागली की तो दुरुस्तीला दाद देत नाही.

व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन रेडिओबद्दलही दोन वाक्यं सांगायला हवीत, कारण इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींपैकी काहींनी तिथे जॅझचा कार्यक्रम करणाऱ्या विलिस कॉनोव्हरचा तो संथ, खर्जातला आवाज शॉर्टवेव्हवर खरखरीतून ऐकला असणार. त्याच संस्थेनं २९ नोव्हेंबर १९५७ला कार्नेगी हॉलमध्ये मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचं एकत्र वादन टेप केलं होतं. त्या टेपा अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयात पडून राहिल्या आणि २००५ साली तिथल्याच लॅरी ॲपलबॉमच्या हाती लागल्या. म्हणजे मंकचं ‘सगळं’ आपल्याकडे आहे असं समजून बावीस वर्षं जो खोका मी नाही तर कुणीतरी जपला, त्याच्या पलीकडे हे होतंच.

तर आता व्हिलेज व्हॅनगार्ड. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरचं एक तळघर. रविवार, २५ जून १९६१. पियानोवर बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. दुपारी दोन सेट, म्हणजे दोन बैठका, संध्याकाळनंतर तीन. रिव्हरसाइड कंपनीनं सगळे टेप केले. त्यातून आधी ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ निघाली, मग ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. दोन्ही मी वर्षानुवर्षं ऐकल्या. २००५ साली तीन सीडींचा संच आला, पाचही सेट ज्या क्रमानं वाजले त्या क्रमानं.

पहिली चीज ‘ग्लोरियाज स्टेप’. सुरू होते आणि मध्येच रेकॉर्डिंग तुटतं. लाइट गेले. न्यूयॉर्कमध्ये! वाजवणाऱ्यांना वीज लागत नव्हती, लागत होती ती मशीनला. हा टेक जुन्या एलपीत नाही, साहजिकच. मला तो फार आवडतो. त्यानंतर दुपारभर जे ऐकू येतं ते म्हणजे ग्लासांची किणकिण, गप्पा, कुणाचं तरी मोठ्यानं हसणं. ‘माय फूलिश हार्ट’सारखी चीज चालू आहे आणि लोक बोलताहेत. आपल्या सभागृहात असं झालं असतं तर गायकानं तंबोरा खाली ठेवला असता. ‘ऑल ऑफ यू’ दिवसभरात तीनदा येते. दुपारची जरा चाचपडत. रात्रीची ऐकताना बास नुसता साथ करत नाही, पियानोचं वाक्य अर्ध्यात तोडून आपलं सांगतो, आणि एव्हान्स थांबून ऐकतो.

या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. एव्हान्स कित्येक महिने पियानोला नीट बसू शकला नाही. पहिली एलपी निघाली ती त्यानंतर, आणि ती लफारोसाठी म्हणूनच रचलेली आहे. सुरुवातीला त्याची ‘ग्लोरियाज स्टेप’, शेवटी त्याचीच ‘जेड व्हिजन्स’. ती एलपी लावली की पहिल्या सुरापासून कुणीतरी गेलंय हे तुम्हाला ठाऊक असतं, कारण ती रचणाऱ्यांना ठाऊक होतं. संचात मात्र दुपारचे साडेचार-पाच वाजलेत, लाइट जाऊन आलेत, लोक पेयं मागवताहेत आणि कुणालाच काही ठाऊक नाही. संगीत तेच आहे हो. एकही सूर इकडचा तिकडे नाही. पण त्या विक्रेत्याला मी आज हे ऐकवलं असतं.

शेवटचा सेट आता लावतो, अर्ध्या तासाहून थोडा मोठा आहे. शेवटाला ‘जेड व्हिजन्स’ लागोपाठ दोनदा आहे, एकदा वाजवून पुन्हा एकदा. मागचे पंखे बंद करता आले तर करा. उकडेल थोडं, पण ग्लासांचा आवाज ऐकू यायला हवा.