मैदानात उतरण्याआधी

(दृश्य : गाडीचं मागचं दार उघडतं. पिंजऱ्यात मॅलिनॉ जातीची कामाची कुत्री.)

अंगात नुसती वीज आहे. शेपटी थांबत नाही, कुंईकुंई चालू आहे. पण बराच वेळ ही कुत्री अंग मुडपून पिंजऱ्यात बसली होती. तिचा उत्साह तापलाय, स्नायू नाही. कुत्रा उतावीळ झाला म्हणजे तयार झाला, हा समज हँडलर मंडळींनी, म्हणजे कुत्र्याकडून काम करून घेणाऱ्यांनी, आता सोडायलाच हवा. मैदानात उतरण्याआधी अंग गरम करायचं, म्हणजे वॉर्म-अप.

(दृश्य : छोट्या पट्ट्यावर चाल, मग दुडकी.)

आधी लघवी-शी उरकू द्यायची. मग काही मिनिटं साधी चाल, आणि तिच्यातूनच दुडकी. दुडकीत पाय तिरक्या जोडीनं पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. ताल एकसारखा असतो, म्हणून लंगडणं इथेच पकडता येतं. दुखरा पुढचा पाय टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो. हिचं डोकं पाहा, एका रेषेत आहे. तसं नसतं, तर आजचा सराव इथेच थांबवावा लागला असता.

या चालण्यानं रक्त स्नायूंकडे वळतं, सांध्यांतलं वंगण कुर्च्यांवर पसरतं. गरम स्नायू सहज ताणला जातो आणि लवकर आकसतो.

(दृश्य : हँडलरच्या पायांमधून इंग्रजी आठचा आकडा.)

आता कणा वळतोय. एकदा डावीकडून गिरकी, एकदा उजवीकडून. दोन्ही बाजू सारख्या झाल्या पाहिजेत, कारण बहुतेक कुत्र्यांची एक लाडकी बाजू असते. मग चार-पाच पावलं मागे. पुढचे पाय बुटक्या पायरीवर. खाऊ नाकासमोर धरून मान बरगडीपर्यंत. हँडलरचा हात कुठेही पाय ओढत नाही, ताण कुत्री स्वतः घेते. थंड अंगाचे पाय धरून खेचणं हा वॉर्म-अप नव्हे. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या चेंडू फेकणं तर मुळीच नव्हे. सुसाट धाव, करकचून ब्रेक, जागच्या जागी वळण, हे सगळं थंड स्नायूंवर येतं. खांदा किंवा मांडीच्या आतला स्नायू दुखावला, तर काम कित्येक आठवडे बंद.

(दृश्य : बुटका अडथळा, लगेच दुसरा.)

शेवटी ज्याचं काम त्याची तालीम. अ‍ॅजिलिटीच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) कुत्र्याला आधी बुटक्या उड्या, मग नेहमीची उंची. हुकमावर चावा घ्यायचं काम करणाऱ्या कुत्र्याशी रस्सीखेच खेळताना रस्सी खाली, मानेच्या रेषेत. वर झटके नकोत. शोधकाम करणाऱ्याला एखादा सोपा शोध पुरतो.

एकूण पाच ते दहा मिनिटं. थंडीत जरा जास्त. उन्हाळ्यात कमी आणि सावलीत, कारण कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी मदार धापेवर. जीभ लांब, रुंद लोंबायला लागली की थांबायचं.

(दृश्य : रांगेत थांबलेली कुत्री, अंगावर झूल.)

नंबर लांबला तर तिला परत पिंजऱ्यात टाकायचं नाही. अंग निवतं. झूल घालून हळूहळू चालवत ठेवायचं, आणि पुकारा जवळ आला की पुन्हा थोडी दुडकी.