चमचा, चाचम, चाचम

श्रोतेहो, नमस्कार. आज बसल्या जागी एक उद्योग करा. घरच्यांना शंका येणार नाही इतपत हळू आवाजात 'चमचा' हा शब्द भरभर म्हणत राहा. चमचा, चमचा, चमचा... पहिल्या दहा-बारा वेळा काही होत नाही. आणखी थोडं रेटलंत की चमचा कुठेतरी निसटतो आणि तोंडात 'चाचम चाचम' उरतं. वाल्या 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' म्हणू लागला तो याच वाटेने.

लिहितानाही तेच. परवा मी कागदावर 'आणि' लिहीत सुटलो. तिसऱ्या ओळीत शंका आली, वेलांटी पहिलीच ना? पाचव्या ओळीत तर 'ण' हे अक्षर जन्मात प्रथमच पाहतोय असं वाटलं. इंग्रजीतला 'द' हा शब्द लोकांकडून असाच पुन्हा पुन्हा लिहून घेणाऱ्या संशोधकांना २०२३ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. साधारण तीस वेळा लिहून झालं की त्या लोकांनाही चमत्कारिक वाटू लागायचं. हसण्यासारखा प्रयोग, पण प्रश्न जुना आहे. सेव्हरन्स आणि वॉशबर्न या मानसशास्त्राच्या दोघी अभ्यासकांनी १९०७ सालीच त्यावर लिहिलं होतं. पुढे १९६२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात लिऑन जेकबोवित्स यांनी त्याला 'सिमँटिक सॅटिएशन' म्हटलं. म्हणजे अर्थाचं पोट भरणं! नाव झकास आहे.

होतं काय, तर एरवी शब्द कानावर पडायचा अवकाश, अर्थ हजर. तीच वाट लागोपाठ तुडवली की ती थोडा वेळ सुस्तावते. कान शाबूत असतो, चमचा म्हणजे काय हेही ठाऊक असतं, मधला दुवा तेवढा ढिला पडतो. नक्की कुठे, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

मला विचाराल तर ते विचित्रपण नवं नसतंच. 'चमचा' या आवाजात चमच्यासारखं काय आहे? काहीच नाही. अर्थ इतका चपळ, की आवाज नुसता ऐकायची वेळच येत नाही. मराठी न येणाऱ्याला आपला चमचा पहिल्यापासून 'चाचम'च वाटत असणार.

असो. आता थांबा, मिनिटभर दुसरं काही बोला आणि मग कुणाला तरी म्हणा, "जरा तो चमचा दे." बघा, मिळतो की नाही.