ब्लू गेट्स आणि दारावरची पाटी

नमस्कार मंडळी! आज मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकच्या ‘ब्लू गेट्स’ पबबद्दल बोलणार आहे. आपल्यातले कितीतरी जण शुक्रवारी देसी पबमध्ये, म्हणजे आपल्या लोकांनी चालवलेल्या पबमध्ये, मिक्स्ड ग्रिल खायला जातात, कांद्यावर चुरचुरणारी ती गरम प्लेट येते, डोळ्यात धूर जातो, पोरं सीख कबाबवर तुटून पडतात, आणि हे सगळं इथे आपोआप आलं असं वाटतं. तसं नाहीये.

जुन्या पबच्या दारावर एक छोटी पाटी असायची, अमुक यांना बिअर, वाइन विकायचा परवाना आहे अशी. इमारत भले ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीची असो, लायसन्स त्या माणसाच्या नावावर, काही गडबड झाली की जबाबदार तोच. आणि हे लायसन्स वरचेवर मॅजिस्ट्रेटपुढे रिन्यू करायला लागायचं, तिथे लोकांना हरकत घेता यायची. या हरकतीवरच पुढचं सगळं आहे.

साठच्या दशकात स्मेदिकच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांत, आपले लोक, मुख्यतः पंजाबी, भट्टीसमोर राबायचे, शिफ्ट सुटली की घसा कोरडा, पण बऱ्याच पबमध्ये त्यांना फक्त पब्लिक बारमध्ये उभं राहता यायचं, स्मोक रूम आणि लाउंज गोऱ्यांसाठी, काही ठिकाणी तर आतच घ्यायचे नाहीत. याला कलर बार म्हणायचे.

इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल स्वतः फाउंड्री कामगार. त्यांनी केलं काय, तर गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेतलं, ते आधी आत जाऊन ड्रिंक घ्यायचे, मागून जौहल आणि त्यांचे साथीदार जायचे, यांना नकार मिळाला की साक्षीदार तयार! मग तो पुरावा घेऊन लायसन्सच्या सुनावणीत हरकत. मला हे फार मोठं वाटतं, कारण आरडाओरडा न करता त्यांनी नेमका परवान्यालाच हात घातला, आणि पबवाल्याला भीती असते ती त्याचीच.

१२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले तेव्हा जौहल त्यांना ब्लू गेट्समध्येच घेऊन गेले. स्मोक रूममध्ये सर्व्ह करायला नकार मिळाला, पब्लिक बारमध्ये जा म्हणाले. नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेस रिलेशन्स अॅक्ट, म्हणजे वंशभेदाविरुद्धचा कायदा, लागू झाला आणि पबमधला असा भेदभाव बेकायदेशीर ठरला, पण कायदा आला म्हणून सवयी लगेच जात नाहीत, असोसिएशनला पुढेही लढावंच लागलं.

नंतर याच भागात परवान्यावर आपल्या लोकांची नावं यायला लागली, एकेक बंद पडत चाललेला पब त्यांनी घेतला, किचनमध्ये तंदूर बसवला, गोरे शेजारीही यायला लागले. जौहल २०२२ मध्ये गेले.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपल्यातले जे काका-मावशी तेव्हापासून इथे आहेत त्यांना कुठल्या पबमध्ये घेतलं, कुठून परत पाठवलं, तिथला लँडलॉर्ड, म्हणजे पब चालवणारा, कसा होता, हे आम्हाला सांगा. चहाच्या वेळी मी मागच्या टेबलावर बसतोय, फोनवर रेकॉर्ड करून घेतो.