दुखतंय का विचारलं तर आजी नाही म्हणतात

सकाळी आठचा सुमार, आंघोळीची वेळ. गाऊन काढायला मावशी आजींचा हात वर करतात आणि आजी जोरात ओरडतात, चिमटा काढतात, कधी चावतातसुद्धा. मावशी बिचाऱ्या घाबरून बाजूला होतात आणि रजिस्टरमध्ये शब्द पडतो, अग्रेसिव्ह. संध्याकाळी डॉक्टर राउंडला येतात तेव्हा आजी खुर्चीत निवांत बसलेल्या असतात, डॉक्टर विचारतात आजी कुठे दुखतंय का, आजी म्हणतात नाही. विषय संपला. रात्रीपासून शांत राहायची एक गोळी सुरू.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेली माणसं जिथे राहतात अशा पुण्या-मुंबईच्या कुठल्याही केअर सेंटरमध्ये हे असंच घडू शकतं, आणि युरोपातही फार वेगळं नव्हतं. पण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गन शहराच्या बाजूला, काही लोकांनी यावर चिकाटीने काम केलं. बर्गन विद्यापीठातल्या डॉक्टर बेटिना हुसेबो आणि त्यांची टीम. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, हा जो चिडचिडेपणा म्हणतोय आपण, आरडाओरडा, येरझाऱ्या, हात झटकणं, यातला किती भाग दुखण्याचा आहे?

त्यांनी 18 केअर होममधले 352 रहिवासी घेतले, सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिमेन्शिया आणि सगळेच स्टाफच्या भाषेत त्रास देणारे. निम्म्यांची नेहमीचीच देखभाल चालू ठेवली आणि बाकीच्यांना आठ आठवडे पायरी-पायरीने दुखण्यावरची औषधं दिली, कुणाला पॅरासिटामॉल, कुणाला थोडं मॉर्फिन, कुणाला त्वचेवर लावायचा ब्युप्रेनॉर्फिनचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचा पॅच, कुणाला नसांच्या दुखण्यासाठी प्रिगॅबालिन. 2011 मध्ये निकाल छापून आला. दुखण्यावर उपचार मिळालेल्यांचा अस्वस्थपणा सरासरी 17 टक्क्यांनी कमी झाला. आकडा छोटा वाटेल, पण शांत करायच्या, म्हणजे अँटिसायकोटिक गोळ्यांच्या चाचण्यांमध्येसुद्धा फरक साधारण एवढाच पडतो, आणि त्या गोळ्यांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने 2005 मध्येच इशारा दिलाय की डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका 1.6 ते 1.7 पट होतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. उपचार मिळालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांना फक्त पॅरासिटामॉल लागली होती, म्हणजे आपल्या घरातल्या डब्यात असते तीच गोळी. आणि आठ आठवड्यांनी उपचार थांबवले तेव्हा महिन्याभरात अस्वस्थपणा परत वाढला.

पण जो माणूस सांगूच शकत नाही त्याचं दुखणं मोजलं कसं? हे नीट बघा. त्यांच्या पद्धतीत नर्स आधी काही विचारत बसत नाही, सकाळची कामं करता करताच बघते. आधी हाताची बोटं हळूच उघडायची, एक हात, मग दुसरा. मग दोन्ही हात डोक्याकडे न्यायचे. मग गुडघे आणि खुबे वाकवायचे, सरळ करायचे. मग पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, आणि शेवटी उठवून पलंगाच्या कडेला बसवायचं. प्रत्येक हालचालीला थांबायचं आणि तोंडाकडे बघायचं, कपाळाला आठी पडली का, कण्हल्या का, श्वास रोखला का, हात मागे खेचला का, अंग ताठ केलं का. हात धरला की झटका नाही पण खांदा वर केला की किंचाळतात, म्हणजे खांदा बघायला हवा, स्वभाव नाही. खुर्चीत बसलेल्या आजींनी डॉक्टरांना नाही म्हटलं ते खरंच असेल, बसल्या जागी दुखत नसेलच, दुखतं ते हलताना, आणि हलवतात तेव्हा डॉक्टर तिथे नसतात, मावशी असतात.

काही लोक म्हणतात की अहो त्यांना आता काही जाणवत नाही. हे खरं नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकारच्या, रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचे स्कॅन काढले, 2006 ची गोष्ट, तर दुखणं समजून घेणारे मेंदूचे भाग निरोगी वृद्धांइतकेच, उलट जास्तच जागे होत होते. माणूस विसरतो, सांगू शकत नाही, पण दुखायचं ते दुखतंच.

आता आपल्या चिठ्ठीवरची एक गोष्ट. दुखण्याच्या गोळीपुढे डॉक्टर बऱ्याचदा एसओएस लिहितात, म्हणजे लागली तर द्या. धडधाकट माणसाला ठीक आहे, तो मागेल. डिमेन्शियाचा माणूस मागणार कसा? न्यूयॉर्कमध्ये 2000 साली खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला गेला, त्यात पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांना बाकीच्यांच्या एक तृतीयांशच मॉर्फिन मिळालं होतं, आणि ठरलेल्या वेळी वेदनाशामक द्या असं लिहिलेलं होतं फक्त चारातल्या एकाच्या कागदावर. हाड तेच मोडलंय, शस्त्रक्रिया तीच, दुखणं कमी कसं असेल?

म्हणून सगळ्यांना कडक औषधं द्या असं मात्र कुणीच म्हणत नाहीये. नॉर्वेतच पुढे डिमेन्शिया आणि डिप्रेशन असलेल्या लोकांना तो ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच देऊन बघितला तर निम्म्याहून जास्त जणांना तो मध्येच सोडावा लागला, गुंगी आणि गोंधळलेपणा असे त्रास झाले. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी शौचाला कडक होतं आणि पोट साफ नसणं हेच अस्वस्थपणाचं मोठं कारण असतं, त्यामुळे औषध देऊन दुखणं वाढवल्यासारखं होतं. आणि डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाच्या गोळ्या-इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास घेतात, म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला आणि पोटाला ती फार महाग पडू शकतात.

औषधाआधी शोधायचं खूप काही असतं. कवळी टोचतेय का, दाढ किडलीय का, लघवी तुंबलीय का, कंबरेखाली बेडसोअर सुरू झालाय का, चप्पल घट्ट आहे का. हे सगळं मावशींना किंवा ब्युरोतून आलेल्या ताईंना आधी कळतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना एक वही द्या. कधी ओरडल्या, तेव्हा काय चाललं होतं, कुठला भाग हलवला, एवढंच लिहायचं, अग्रेसिव्ह असा शेरा नको. आठवड्याभराची ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, शांत राहायच्या गोळीआधी पॅरासिटामॉल एसओएस न ठेवता ठरलेल्या वेळी देऊन दोन-तीन आठवडे बघूया का. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल तर डोस कमी लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. आणि गोळी सुरू झालीच तर सकाळची गोळी आंघोळीच्या आधी पाऊण-एक तास द्या, नंतर नाही, कारण असर चढायला तेवढा वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त अंग हलतं ते आंघोळीलाच.