मंदावणारी तहान

उतारवयातला हा कुत्रा दुपारभर निजून आहे. पाण्याने भरलेले भांडे चार पावलांवर असूनही तो उठत नाही. सांधे दुखत असल्यामुळे तो उठत नसेल, हे शक्य आहे. परंतु वय वाढते तशी तहान लागण्याची यंत्रणाही मंदावू शकते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

तहान घशात जाणवते, पण तिचा हिशेब मेंदूत मांडला जातो. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील काही पेशी रक्तातील क्षारांच्या तीव्रतेवर सतत लक्ष ठेवून असतात आणि ही तीव्रता अवघी १ ते २ टक्के वाढली, तरी तहान जागी होते. त्याच वेळी व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा आदेश देते. तहान लागण्याचा दुसरा मार्ग रक्ताचे आकारमान घटल्यावर उघडतो. त्यात मूत्रपिंडातील रेनिन या विकरामुळे अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि तेही मेंदूला पाणी मागायला लावते.

वृद्ध उंदरांवरील प्रयोगांत या दोन्ही मार्गांचा प्रतिसाद कमी झालेला आढळतो. माणूसही याला अपवाद नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध आणि तरुण पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवण्यात आले. त्यानंतर पाणी समोर आले, तेव्हा वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्यायले.

याच वयात मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकदही घटते. व्हॅसोप्रेसिन पुरेसे असते, कधी वाढलेलेही असते. मात्र मूत्रनलिकांच्या पेशींमध्ये पाणी परत शोषणारी अॅक्वापोरिन प्रथिने कमी झाल्यामुळे आदेश पोहोचूनही काम अपुरे राहते. त्यातच स्नायू घटतात, आणि स्नायूंमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी असल्याने शरीराचा राखीव साठाच आटतो. एरवीच्या दिवसांत खाण्यापिण्याच्या सवयीवर हे सारे निभावून जाते. ताप, जुलाब किंवा कडक उन्हाळा आला की मात्र तोल झपाट्याने ढळतो, आणि सर्वांत काळजीची बाब ही की त्या वेळी प्राणी स्वतःहून पाण्याकडे वळेलच, याची खात्री उरत नाही.

मांजरांच्या बाबतीत चित्र अनेकदा उलटे दिसते. रानमांजरांच्या कोरड्या प्रदेशातील वंशातून आलेली मांजर मुळात अत्यंत दाट लघवी करते. म्हातारपणी जडणाऱ्या मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात ही क्षमता जाते, लघवी पातळ व भरपूर होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी मांजर वारंवार पाणी पिऊ लागते. हे चांगले लक्षण समजून तपासणी लांबणीवर टाकू नये. तसेच लघवी फार होते म्हणून तिचे पाणी कधीही तोडू नये.

शरीरातील पाणी कमी झाले आहे का, हे पाहण्यासाठी खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडतात. या कुत्र्याची कातडी सावकाश खाली बसते आहे, पण वयामुळे तिची लवचीकता गेलेली असल्याने एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून पशुवैद्य हिरड्यांचा ओलावा बोटाने तपासतात, आजचे वजन मागील नोंदींशी ताडून पाहतात आणि लघवीची घनता मोजतात.