उंदराला हात कोण लावतं?

नमस्कार. आमच्या सामायिक संशोधन केंद्रात बिनखिडकीची एक खोली आहे. आत जाताना मोबाइल बाहेर ठेवायचा. कंप्युटरवरच्या इवल्याशा हिरव्या दिव्यावरसुद्धा काळी चिकटपट्टी लावलेली, आणि मायक्रोस्कोपभोवती जाड काळा पडदा. एवढा अंधार लागतो, कारण उंदराच्या मेंदूतल्या एकेका पेशीतून येणारा प्रकाश त्या यंत्राला टिपायचा असतो. तो इतका क्षीण असतो की तेवढ्या दिव्यानंही चित्र बिघडतं.

हा टू-फोटॉन मायक्रोस्कोप. एकच रेणू एकाच क्षणी प्रकाशाचे दोन कण शोषू शकेल, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली कागदावर मांडलं होतं. त्यातून मायक्रोस्कोप व्हायला १९९० उजाडलं. कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी तो केला. त्याचा लेझर इन्फ्रारेड असतो, मेंदूच्या दुधाळ ऊतीत बराच खोल शिरतो. दोन कण एकदम शोषले जातात ते जवळपास फक्त किरण एकवटतात त्या ठिपक्यापाशी, म्हणून वरच्या-खालच्या थरांचा धूसरपणा चित्रात येत नाही. पेशींमध्ये जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनापासून घडवलेलं एक प्रथिन घातलेलं असतं. पेशी सक्रिय झाली, तिच्यात कॅल्शियम वाढलं, की ते उजळतं. जागा असलेला उंदीर चाकावर धावतोय आणि पडद्यावर शेकडो पेशी लुकलुकताहेत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा स्लॉट संपला तरी मी खुर्चीवरून उठले नव्हते.

असं यंत्र कोट्यवधींचं असतं. एकट्या प्रयोगशाळेला ते परवडत नाही, आणि परवडलं तरी बरेच दिवस झाकूनच राहतं. म्हणून ते सगळ्यांचं असावं, तासावर बुकिंग करून वापरावं, हा सामायिक सुविधेचा साधा विचार. आपल्याकडे तो नवा नाही. आयआयटी मुंबईत १९७० च्या दशकापासून असं केंद्र आहे, त्याला आज सैफ म्हणतात, म्हणजे प्रगत विश्लेषण उपकरणांची सामायिक सुविधा. बाहेरच्या कॉलेजांचे नमुनेही तिथे तपासले जातात. देशभरातली उपकरणं शोधून बुक करता यावीत म्हणून २०२० मध्ये आय-स्टेम हे पोर्टल आलं. हे सगळं चांगलंच आहे.

पण पावडरचा नमुना कुरियरनं पाठवता येतो. उंदराचं वागणं पाठवता येत नाही. आजचं माझं सगळं बोलणं या एका फरकाबद्दल आहे.

उंदरांचं वागणं तपासायच्या आमच्या खोलीत एक साधा पाट असतो, अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध ठेवायचं आणि पाच मिनिटं पाहायचं. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो. मग मागचे पाय आतच ठेवून अंग लांब ताणतो, मान उघड्यावर काढतो, मिशा थरथरतात, आणि झटकन परत आत. प्रत्येक उंदरानंतर पाट अल्कोहोलनं पुसायचा, आधीच्याचा वास राहता कामा नये.

आता १९९९ ची गोष्ट. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस डुडेक यांनी अमेरिका-कॅनडातल्या पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन शहरांत एकच प्रयोग केला. उंदरांचे वाण तेच, उपकरणं सारखी, वय सारखं, सुरुवातही एकाच वेळी. तरीही काही चाचण्यांचे निकाल शहरागणिक वेगळे आले, या पाटावरचेसुद्धा. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की पुरुष प्रयोगकर्ता जवळ असला, किंवा त्यानं घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते. लिव्हरपूलच्या संशोधकांनी त्याआधी, २०१० मध्ये, शेपटीला धरून उचललेले आणि ओंजळीत किंवा नळीतून उचललेले उंदीर यांची तुलना केली होती. शेपटीला धरलेले जास्त भेदरलेले निघाले. म्हणजे उंदराला हात कोण लावतं आणि कसा, हा प्रयोगाचाच भाग आहे.

आमच्याकडे एकदा तीन आठवडे सगळेच उंदीर बुजरे झाले. वेगवेगळ्या गटांचे, वेगवेगळ्या प्रयोगांतले, औषध दिलेले आणि न दिलेलेही. विद्यार्थी हवालदिल झाले. एकीनं तर सगळा डेटा टाकून द्यायची तयारी केली. शेवटी आमच्या टेक्निशियननं लॉगबुक काढलं आणि त्याच्याच अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘मंगळवार. खोली ३ च्या ट्यूबलाइट बदलल्या.’ उंदरांना आपल्यापेक्षा कितीतरी वरचे आवाज ऐकू येतात, अगदी ८०-९० किलोहर्ट्झपर्यंतचे. वटवाघळांवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याकडून आम्ही अल्ट्रासाउंड ऐकवणारं यंत्र मागून आणलं आणि त्या खोलीत सुरू केलं. आपल्याला जिथे पूर्ण शांतता वाटत होती, तिथे नव्या ट्यूब अखंड किंचाळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या काढल्या, आणि आठवडाभरात उंदीर पुन्हा उघड्या भुजांवर मान काढू लागले.

असे आठवडे वाया जाणं आपल्याला परवडणारं नाही, आणि मी फक्त पैशांबद्दल बोलत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. आमच्या ॲनिमल हाऊसमधल्या एकेका उंदराची मंजुरी एथिक्स कमिटीकडून घ्यावी लागते, आणि ती घ्यायलाच हवी. प्राण्यांवरच्या प्रयोगांची नीती मांडणाऱ्या रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितलं होतं, कमीत कमी प्राणी वापरा. निकालावर विश्वास ठेवता येत नसेल तर तो जीव फुकट गेला. मला हे मनापासून लागतं.

तरीही यंत्राला मंजुरी मिळते, ते चालवणाऱ्याला मिळत नाही. खरेदीचा प्रस्ताव शंभर पानांचा, त्यात माणसाचा पगार नाही. यंत्राच्या देखभालीचा करार पाच वर्षांचा आणि टेक्निशियनचं कंत्राट अकरा महिन्यांचं, असं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. मायक्रोस्कोपची लेन्स आणि उंदराच्या मेंदूवर बसवलेली काच यांच्यामधला पाण्याचा थेंब लांबच्या प्रयोगात कधी सुकतो, चित्र मंदावतं ते पेशी शांत झाल्यामुळे की थेंब आटल्यामुळे, हे ओळखायला आमच्या टेक्निशियनला दोन वर्षं लागली होती. आज इथे बसलेल्यांपैकी जे उद्या प्रस्ताव लिहितील किंवा तपासतील, त्यांनी कायम पदाची ओळ त्यात घालावी, एवढी माझी विनंती आहे.

लॉगबुकवाला तो टेक्निशियन पुढच्या वर्षी एका औषध कंपनीत गेला. त्याचं लग्न ठरलं होतं, त्याला पक्की नोकरी हवी होती. मी त्याला थांब म्हणू शकले नाही. त्यानंतरच्या चार महिन्यांत आमच्या लॉगबुकात फक्त बुकिंग करणाऱ्यांची नावं आणि वेळा आहेत.